मक्याची माणसं आणि चंद्रातला ससा : मेक्सिकोच्या लोककथांवरून मुलांसाठी साहसकथा लिहिताना

मराठीत मेक्सिकोच्या पार्श्वभूमीवर मुलांची अद्भुतकथा लिहायला घेतली की पहिल्या खर्ड्यात बहुतेक वेळा एकच घोळ होतो. पिरॅमिड, पिसांचा नाग, साखरेच्या कवट्या, निवडुंग, रुंद काठाची टोपी आणि इंका राजाचा खजिना हे सगळं एकाच जंगलात येऊन बसतं. इंका तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, त्यांचा या कथांशी संबंधच नाही. उंच निवडुंगांचं वाळवंट उत्तर मेक्सिकोत, मायांचं जंगल पार दक्षिणेला आणि ग्वाटेमालात. कोल्हापूरच्या गोष्टीत जैसलमेरचे उंट आणि ओणमची नौकाशर्यत आली तर आपल्याला जसं वाटेल, तसंच ते तिथल्या माणसाला वाटतं. मुलांनाही ते जाणवतं. ज्या जगात काहीही होऊ शकतं तिथे कशाचीच भीती उरत नाही, आणि दहा वर्षांचा वाचक पाचव्या पानावर पुस्तक खाली ठेवतो.

आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी पंधरा ते अठरा हजार शब्दांची कादंबरिका लिहायची, असं धरून पुढचं सगळं सांगितलं आहे.

आधी एक गाव पकडा

मध्य मेक्सिकोपासून ग्वाटेमाला, बेलीझ, एल साल्वादोर, होंडुरासपर्यंतच्या पट्ट्याला मेसोअमेरिका म्हणतात. ओल्मेक, सापोतेक, मिश्तेक, माया, मेशिका असे अनेक लोक तिथे वेगवेगळ्या काळात नांदले. आपण ज्यांना ॲझ्टेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवत. त्यांची राजधानी तेनोच्तित्लान परंपरेनुसार 1325 मध्ये वसली आणि 13 ऑगस्ट 1521 रोजी स्पॅनिश सैन्य व त्यांच्या स्थानिक मित्रांच्या हाती पडली. तिकालसारखी मायांची मोठी दगडी शहरं त्याआधी कित्येक शतकं ओस पडली होती. म्हणून मेशिका योद्धा आणि तिकालचा राजा यांची भेट घडवू नका.

हे लोक संपले नाहीत, हे लिहिणाऱ्याने सतत लक्षात ठेवायला हवं. मेशिकांची नावात्ल भाषा आज मेक्सिकोत सोळा लाखांहून जास्त लोक बोलतात, आणि देशात एकूण 68 देशी भाषांना मान्यता आहे. 'एका लुप्त संस्कृतीचं रहस्य' असं वाक्य लिहिलं की त्या लाखो लोकांना आपण पुस्तकातून हद्दपार करतो.

मुलांच्या कथेला चार जागा चांगल्या पडतात. मेशिकांचं तेनोच्तित्लान : तळ्यातलं शहर, कालवे, बाजार. ग्वाटेमालाच्या डोंगरातले किचे माया : जुळ्या भावांच्या कथा त्यांच्याच. आजचं युकातानचं खेडं : तिथे चुनखडीमुळे पाणी जमिनीत मुरतं, उत्तर भागात पृष्ठभागावर नदीच नाही, आणि छत कोसळून तयार झालेली सेनोते नावाची खोल, निळी पाणकुंडं हाच आधार. चौथी जागा आजचं सोचिमिल्को : मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला, जुन्या तळ्याचे उरलेले कालवे आणि त्यांतली शेतं. परक्या लेखकाने पहिल्या पुस्तकासाठी आजचा काळच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आजच्या मुलीच्या हातात मोबाइल असतो, शाळा असते, आजी जुनी गोष्ट सांगते आणि मुलगी ती अर्धवट ऐकते. इतिहासातल्या शंभर चुका इथे आपोआप टळतात.

कथेचं इंजिन : घेतलं तर द्यावं लागतं

आपल्याकडच्या मुलांच्या अद्भुतकथांवर तलवार, राक्षस आणि भाकीत यांचा पगडा आहे. मेसोअमेरिकेच्या कथा त्या चालीवर चालत नाहीत. तिथे जग देवाणघेवाणीवर उभं आहे. नावात्लमध्ये देवाला अर्पण करण्यासाठी जो शब्द आहे, नेश्त्लावाल्ली, त्याचा अर्थच 'ऋणफेड'. हे एक सूत्र पक्कं धरलं तर अर्धी कथा आपोआप उभी राहते.

'पोपोल वुह' हा किचे मायांचा ग्रंथ घ्या. सोळाव्या शतकाच्या मध्यात तो रोमन लिपीत लिहिला गेला. पुढे 1701 ते 1703 च्या सुमारास फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्र्याने चिचिकास्तेनांगोत त्याची नक्कल आणि भाषांतर केलं म्हणून तो टिकला. त्यातले जुळे भाऊ, हुनाहपू आणि श्बालांके, पाताळातल्या शिबाल्बाच्या सरदारांना हरवतात. कसे, ते बघण्यासारखं आहे. अंधाराच्या घरात त्यांना एक मशाल आणि दोन चिरूट देऊन सांगितलं जातं की रात्रभर पेटते ठेवा, पण सकाळी जसेच्या तसे परत करा. जुळे मशालीला मकाव पोपटाचं लाल पीस लावतात आणि चिरुटांच्या टोकांवर काजवे बसवतात. पहारेकऱ्यांना वाटतं, पेटलंय. सकाळी सगळं साबूत परत! जॅग्वारांच्या घरात ते हाडं टाकतात. सरदारांची नावं कळावीत म्हणून डासाला पुढे धाडतात. तो एकेकाला चावतो, चावलेला ओरडतो, शेजारचा त्याला नावाने हाक मारून विचारतो, "काय झालं रे?" नावं अशी बाहेर येतात.

आणि प्रत्येक मदतनिसाला मोबदला मिळतो. वाटेने जाणाऱ्यांचं रक्त हा डासाचा हक्क ठरतो. चेंडूखेळाचं सामान कुठे टांगलंय ते सांगणाऱ्या उंदराला घरातल्या बिया, शेंगा, मिरच्या, कोको यांतला वाटा मिळतो. ससाण्याचा डोळा जुळ्यांच्याच हातून दुखावतो, तेव्हा ते आपल्या चेंडूचं थोडं रबर लावून तो बरा करतात आणि मगच निरोप ऐकतात.

म्हणून लिहिण्याआधी कागदावर एक तक्ता करा. डाव्या रकान्यात मदत करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मधल्या रकान्यात त्याने काय दिलं, उजव्या रकान्यात नायिकेने काय परत केलं. उजवा रकाना रिकामा असेल तिथे कथा गळते. मदत फुकट मिळाली म्हणजे प्रसंग सोपा झाला, आणि सोपा प्रसंग मुलं वाचता वाचता ओलांडून जातात.

दुसरी कथा अंगात मुरवण्यासारखी आहे ती शंखाची. केत्सल्कोआत्ल, म्हणजे पिसांचा नाग, मागच्या युगातल्या माणसांची हाडं आणायला मिक्त्लान या मृतांच्या लोकात जातो. तिथला स्वामी मिक्त्लानतेकुत्ली म्हणतो, हा शंख फुंक आणि ने. शंखाला भोकच नाही. मग अळ्या भोकं पाडतात आणि मधमाश्या आत शिरून घुमतात. शंख वाजतो. परतताना देव खड्ड्यात पडतो, लावे हाडांना टोचे मारतात, हाडं मोडतात, आणि म्हणून माणसं लहानमोठ्या आकाराची झाली. इथे देवसुद्धा पडतो, सामान फुटतं, आणि फुटलेल्या सामानातूनच पुढचं घडतं. तुमच्या नायिकेच्या योजनेचंही मधोमध असंच काहीतरी मोडायला हवं, आणि शेवटपर्यंत ते मोडलेलंच राहायला हवं.

आकड्यांचंही लक्ष असू द्या. आपल्या हाताला तीनची सवय : तीन वर, तीन अडथळे, तीन राजपुत्र. तिथे चार. दिशा चार. आजच्या युगाच्या, म्हणजे पाचव्या सूर्यासाठी तेओतिवाकान या प्राचीन शहरात पेटवलेल्या आगीत उडी घ्यायला गर्विष्ठ तेक्सिस्तेकात्ल चार वेळा पुढे जातो आणि चार वेळा मागे फिरतो. मग अंगावर फोड असलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला नानावात्सिन एका झेपेत उडी घेतो आणि सूर्य होतो. मागून गेलेल्याचा चंद्र होतो. तोही सूर्याइतकाच तळपू लागतो, म्हणून देव त्याच्या तोंडावर ससा फेकून मारतात. शशांक हा शब्द ज्या भाषेत आहे तिच्यातल्या मुलांना चंद्रातला ससा समजावून सांगावा लागत नाही. मात्र तिथे तो ससा फेकलेला आहे, ही गंमत गाळू नका.

प्राणी आणि भुतंखेतं निवडताना

एका पुस्तकात दोन, फार तर तीन अद्भुत जीव पुरे. प्रत्येकाचं राहण्याचं ठिकाण, भूक आणि नियम ठरवा.

आवित्सोत्ल हा पाण्यातला जीव मुलांच्या कथेसाठी सोन्यासारखा आहे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागून या पाद्र्याने नावा, म्हणजे नावात्ल बोलणाऱ्या विद्वानांना बरोबर घेऊन बारा खंडांचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या अकराव्या खंडात त्याचं वर्णन येतं : लहान कुत्र्याएवढा, काळा, गुळगुळीत, टोकदार कानांचा, आणि लांब शेपटीच्या टोकाला माणसासारखा हात. तो लहान मुलासारखा रडून माणसाला पाण्याजवळ बोलावतो. त्याने ओढून नेलेल्या माणसाचं प्रेत कोणत्या अवस्थेत सापडतं, हेही तिथे दिलं आहे. ते आठ वर्षांच्या मुलासाठी नाही.

युकातानचे आलुश हे गुडघ्याएवढे राखणदार. शेत राखतात, मान दिला नाही तर खोड्या काढतात. वेराक्रूसकडचे चानेके साधारण त्याच जातीचे, पण दोघांना एका गावात नांदवू नका. त्लालोके हे पर्जन्यदेव त्लालोकचे छोटे मदतनीस. ते काठीने पाण्याचे रांजण फोडतात, तोच गडगडाट. त्लाक्वाचे म्हणजे तिथला ऑपॉसम. मासातेक आणि इतर लोकांच्या कथांत तो आग चोरून आणतो, शेपूट जळतं, आणि ते आजतागायत बिनकेसांचं आहे.

आशोलोत्ल विसरू नका. सोचिमिल्कोच्या कालव्यांत राहणारा, तुटलेला पाय पुन्हा उगवणारा हा जलचर आज अतिशय धोक्यात आहे. 2021 पासून तो 50 पेसोच्या नोटेवर आहे. त्याची कथा अशी की सूर्यासाठी बलिदान द्यायची पाळी आली तेव्हा शोलोत्ल हा देव घाबरून पळाला. आधी मक्याचं दोन दांड्यांचं रोप झाला, मग जोड-केकताड, शेवटी पाण्यात शिरून आशोलोत्ल. घाबरून पळालेला देव! ज्या मुलाला अंधाराची भीती वाटते त्याला यापेक्षा चांगला सोबती कुठे मिळणार.

आता जे जुनं समजलं जातं पण नाही, त्याबद्दल. रंगीबेरंगी अलेब्रिहे हे प्राचीन 'आत्म्याचे प्राणी' नव्हेत. मेक्सिको सिटीतले कागदलगद्याचे कारागीर पेद्रो लिनारेस यांना 1936 च्या सुमारास आजारपणात पडलेल्या स्वप्नातून ते आले. वाहाकातले लाकडी अलेब्रिहे त्याही नंतरचे. फुलांच्या टोपीतली हाडकुळी कात्रिना ही होसे ग्वादालूपे पोसादा या चित्रकाराची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आजच्या काळातल्या कथेत दोन्ही खुशाल आणा. मेशिका पुजाऱ्याच्या तोंडी घालू नका. आणि ला योरोना, म्हणजे मुलं बुडवून रडत फिरणारी बाई, दहा वर्षांखालच्या वाचकांसाठी टाळलेली बरी. तिथे भीतीचं कारण आईच आहे, आणि ती भीती पुस्तक मिटल्यावर जात नाही.

दिनदर्शिकेतून प्रकरणं

मेशिकांच्या 260 दिवसांच्या गणनेत दोन चक्रं एकत्र फिरतात : 1 ते 13 आकडे आणि वीस चिन्हं. वार आणि तिथी स्वतंत्र फिरतात, म्हणून अमावस्या कधी सोमवारी पडते आणि सोमवती होते, हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे चटकन कळतं. चिन्हांचा क्रम असा : मगर, वारा, घर, सरडा, साप, मृत्यू, हरीण, ससा, पाणी, कुत्रा, माकड, गवत, बोरू, जॅग्वार, गरुड, गिधाड, कंप, गारगोटी, पाऊस, फूल. गणना 1 मगर, 2 वारा करत 13 बोरूपर्यंत जाते. मग आकडा पुन्हा एकवर येतो पण चिन्ह पुढेच जातं : 1 जॅग्वार, 2 गरुड. विसावा दिवस 7 फूल, एकविसावा 8 मगर.

यातून कादंबरिकेचा बांधा फुकट मिळतो. तेरा प्रकरणं, प्रत्येकी साधारण 1300 शब्द, एकूण सतरा हजारांच्या आसपास. प्रत्येक प्रकरणाला त्या दिवसाचं चिन्ह, आणि ते चिन्ह प्रसंगात प्रत्यक्ष दिसायला हवं. शिवाय 21 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर हे बरोबर तेरा दिवस होतात, आणि 1 व 2 नोव्हेंबर हे मृतांचे दिवस : पहिला लहान मुलांच्या आत्म्यांचा, दुसरा मोठ्यांचा. फक्त 'यंदा 21 ऑक्टोबरला 1 मगर आहे' असं लिहू नका. खरी गणना दरवर्षी सरकते. चिन्हं प्रकरणांची आहेत, तारखांची नाहीत, एवढं सांभाळा.

ताटात काय, हातात काय

जुन्या काळातली कथा असेल तर ही यादी भिंतीवर लावा. 1519 च्या, म्हणजे स्पॅनिश सैन्य येण्याच्या आधी तिथे घोडा, गाय, डुक्कर, कोंबडी नाही. दूध-तूप नाही. गहू, तांदूळ, कांदा, लसूण, कोथिंबीर, लिंबू, ऊस नाही. गूळ घातलात की संपलं, गोडवा मधाचा किंवा केकताडाच्या रसाचा. लोखंडी सुरी नाही, ऑब्सिडियन या ज्वालामुखीच्या काचेची पाती. चाकांची खेळणी सापडली आहेत, पण गाडी नव्हती, ओझं माणसाच्या पाठीवर. जॅग्वारला वाघ किंवा बिबट्या करू नका. त्याच्या ठिपक्यांच्या कड्यांत आणखी ठिपके असतात, आणि चित्रकार 'वाघ' वाचून पट्टे काढतो.

बाजाराचा प्रसंग हवा असेल तर त्लाश्कालातली 1545 ची दरयादी हाताशी आहे. तेव्हा कोकोच्या बिया नाण्यासारख्या चालत : मोठा टोमॅटो एक बी, एक तमाल (मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा) एक बी, टर्कीचं अंडं तीन, छोटा ससा तीस, टर्कीची मादी शंभर. एवढ्या पाच किमती मिळाल्या की मुलांना बाजारहाट स्वतःच करता येतो, लेखकाने 'गजबजलेला बाजार' म्हणायची गरज राहत नाही.

स्वयंपाकघराचा प्रसंग असला तर मका चुन्यात शिजवतानाचा घ्या. एक किलो सुका मका, अडीच-तीन लिटर पाणी, साधारण दहा ग्रॅम खायचा चुना. अर्धा-पाऊण तास मंद आच, मग रात्रभर तसाच झाकून. सकाळी दाणा चोळला की साल बोटांत निघते, पाणी पिवळं झालेलं असतं आणि त्याला चुन्याचा ओला वास येतो. धुऊन तो तीन पायांच्या, उतरत्या मेताते पाट्यावर वाटायचा. हा चुना टाळला तर पीठ एकत्र धरत नाही आणि मक्यातलं नायासिन जीवनसत्त्व शरीराला नीट मिळत नाही. किचे कथेत माणूस आधी मातीचा केला, तो विरघळला. मग लाकडाचा केला, त्याला मन नव्हतं. शेवटी श्मुकाने आजीने पिवळा-पांढरा मका नऊ वेळा दळला तेव्हा खरी माणसं झाली. पाट्यावर वाकलेल्या आजीच्या तोंडून ही गोष्ट आली तर वेगळं 'पुराण' सांगायला थांबावं लागत नाही.

आपल्या ओळखीच्या वस्तूंचा फायदा घ्या. दसऱ्याला दाराला लागणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे त्याचं नाव सेंपासूचिल, 'वीस फुलं'. निशिगंध आणि देवचाफाही तिकडचेच. चिकू या शब्दाचं मूळ नावात्लमध्ये जातं. झेंडूच्या पाकळ्यांची वाट अंगणातून मृतांच्या वेदीपर्यंत घातली आहे असं लिहा. वास वाचकाच्या नाकात आधीपासून आहे. पण त्या दिवसाला 'त्यांचा पितृपक्ष' म्हणू नका. तिथे गाणी, साखरेच्या कवट्या, गोड पाव आणि थट्टाही असते, आणि श्राद्धाचं गांभीर्य मनात धरून वाचणाऱ्या मुलाला ते सगळं चुकीचं वाटू लागतं. पावसाचंही तसंच. युकातानात पाऊस मागायच्या विधीत लहान मुलगे वेदीच्या चार कोपऱ्यांशी बसून बेडकांसारखे ओरडतात. मराठी वाचकाला 'धोंडी धोंडी पाणी दे' आठवेलच. लेखकाने कानाशी येऊन आठवण करून देऊ नये.

नावं देवनागरीत लिहिताना

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण इंग्रजी उच्चारावरून लिहिलं जातं. नावात्ल आणि माया शब्दांतल्या एक्सचा उच्चार श : शोलोत्ल, शिबाल्बा. स्पॅनिशमधून आलेल्या गावांच्या नावांत तो बदलतो : वाहाका, पण सोचिमिल्को, तास्को. शेवटचं त्ल एका झटक्यात म्हणायचं, 'त्लं' किंवा 'टल' नव्हे. झेड कायम स. टीझेडसाठी त्स लिहा. मराठीत 'चूल', 'चमचा' यांतला च जवळपास तोच आवाज आहे, पण लिपीत तो 'चार'मधल्या चपेक्षा वेगळा दिसत नाही, त्यामुळे मूल चुकीचं वाचतं. नावात्ल शब्दांत जोर उपांत्य अक्षरावर.

कथेत परकी नावं दहाच्या आत ठेवा. एका पानावर नवा परका शब्द एकच, आणि त्याचा अर्थ कृतीतून कळावा. त्लान, त्लाल, त्लाक यांनी सुरू होणारी दोन पात्रं नकोत, मुलं त्यांना एकच समजतात. आजच्या मेक्सिकोतली सोपी नावं भरपूर आहेत : सित्लाली म्हणजे तारा, बेतो, लुपे. 'आबुएला' लिहून तळटीप देण्यापेक्षा सरळ आजी लिहा आणि आजीला 'तू' म्हणू द्या. नावात्लमध्ये नावाला -त्सिन जोडतात, त्यात आदरही असतो आणि लाडही. आपला विठोबा, वाघोबातला '-बा' त्याच्या सगळ्यात जवळचा. भाषांतर न करता पात्राच्या बोलण्याचा सूर तेवढा तिथून घ्या.

रक्ताचं काय करायचं

नरबळी झालाच नाही असं दाखवणं खोटं, आणि त्याचाच तमाशा करणं त्याहून वाईट. मुलांच्या पुस्तकात ऋणाची कल्पना ठेवा, अर्पणं मात्र फुलं, कोपालचा धूप, मका, कागद, गाणं यांची. तीही खोटी नाहीत, रोजच्या पूजेत तीच असत. जुन्या काळातली कथा असेल आणि विषय येणारच असेल, तर एका वाक्यात, एखाद्या मुलाच्या प्रश्नातून येऊ द्या. देवांनी आधी स्वतःला आगीत टाकलं, ही बाजूही त्यात असावी.

एक नमुना, पायरीपायरीने

जागा सोचिमिल्को. तिथली चिनांपा म्हणजे उथळ पाण्यात चिखल आणि वनस्पतींचे थर रचून केलेली लांबट शेतं, कडेने आवेहोते जातीचे विलो. कालव्याच्या तळाचा चिखल काढायला लांब दांड्याच्या टोकाला पिशवी बांधलेलं अवजार असतं, सोकिमाइत्ल. नावाचा अर्थ 'चिखलाचा हात'. हा चिखल वाफ्यावर पसरतात, जरा घट्ट झाला की वड्या पाडतात तसे चौकोन कापतात, प्रत्येकात बोटाने खळगा करून बी टाकतात. त्या चौकोनाला चापीन म्हणतात. झेंडूची रोपंही अशीच होतात.

माणसाचा चिखलाचा हात, आणि पाण्यातल्या जिवाच्या शेपटीला हात. संशोधन करताना अशा जोड्या शोधायच्या असतात. सापडली की कथानक तिच्यातून ओढायचं.

सित्लाली, वय अकरा. आजोबा याच वर्षी वारले. वेदीवर त्यांचं अवजार ठेवायचं आहे, आणि पहिल्याच दिवशी ते पाण्यात गायब होतं. एक पूर्ण प्रसंग असा उतरू शकतो :

पाण्यावर आधी एक बुडबुडा आला. मग शेपटी. शेपटीच्या टोकाला पाच बोटं होती, आणि बोटांत आजोबांचा दांडा.

"आमचा आहे तो," सित्लाली म्हणाली.

"दांडा तुमचा," पाण्यातून आवाज आला. "चिखल कुणाचा?"

तिने होडीच्या काठाला धरलं. आजोबांच्या नखांत कायम काळी रेघ असायची. साबणाने जात नसे.

"किती वर्षं काढलात?"

"मला नाही माहीत. आजोबांच्या आधीपासून."

"मोजून ये," तो म्हणाला, आणि बोटं एकेक करून मिटली.

इथे जादूचं स्पष्टीकरण नाही, भीतीचं वर्णन नाही, आणि तरी कर्ज किती, कुणाचं आणि फेडायचं कुणी, हे तीन प्रश्न उभे राहिले. पुढची प्रकरणं त्यावर चालतात. सहाव्या, म्हणजे 'मृत्यू' प्रकरणात ती मिक्त्लानच्या उंबऱ्याशी. नवव्यात नदी. दहाव्यात कुत्रा, कारण त्या नदीतून कुत्राच पार नेतो. साहागूनच्या ग्रंथात पांढरा कुत्रा म्हणतो, मी नुकतीच अंघोळ केली. काळा म्हणतो, मी नुकताच रंगलो. पिवळा तेवढा पाण्यात उतरतो. मुलांना हे संवाद पाठ होतात, त्यामुळे तिन्ही कुत्र्यांना पुरेशी जागा द्या.

फेड खरी असावी. सोचिमिल्कोत बाहेरून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे आशोलोत्लची अंडी-पिल्लं खातात. त्यावर तिथले शेतकरी आणि संशोधक चिनांपांमधला अरुंद चर दोन्ही टोकांना दगड आणि पाणवनस्पतींची गाळणी लावून राखून ठेवतात, म्हणजे पाणी आत येतं, मासा येत नाही. सित्लालीने असा एक चर आपल्या हाताने बांधला की काढलेल्या चिखलाची परतफेड झाली. एका प्रकरणात ती गाळणी एकदा फुटू द्या. फक्त मोठे दगड रचले तर फटीतून पिल्लू-कार्प शिरतात, बारीक खडी आणि मुळं मध्ये भरावी लागतात. हे अपयश कोणत्याही राक्षसापेक्षा जास्त धरून ठेवतं, कारण वाचणारं मूल ते अंगणात करून बघू शकतं.

खर्डा झाल्यावर

पूर्ण कथा मोठ्याने वाचा, शक्यतो चार-पाच मुलांसमोर, दिवसाला एक प्रकरण. नाव अडखळलं तिथे खूण करा. एकच नाव तीन मुलांना अडलं तर बदला. दुसऱ्या दिवशी आधी मुलांनाच विचारा, काल कुणाचं काय देणं राहिलं होतं. उत्तर आलं नाही तर मागचं प्रकरण कच्चं आहे. मग मेक्सिकोतली किंवा तिथे बराच काळ राहिलेली वाचणारी व्यक्ती शोधा, आणि 'कशी वाटली?' असं मोघम न विचारता ठरावीक प्रश्न द्या : हे अवजार असं धरतात का, या घरात आजी असं बोलेल का, या महिन्यात हे पीक असतं का.

चित्रकाराला फक्त मजकूर देऊन भागत नाही. प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहून द्या : कडेची झाडं विलो, ताड नव्हे, होडी सपाट तळाची, लांब काठीने ढकलायची, आवित्सोत्लला कान टोकदार आणि हात शेपटीलाच, मुलीच्या अंगावर शाळेचा स्वेटर, कारण तिथे ऑक्टोबरअखेर सकाळी चांगली थंडी असते. पिरॅमिड कुठेही नको. सोचिमिल्कोच्या त्या कालव्यातून तो दिसत नाही.